कारसाठी योग्य ब्रेक ऑइल कसं निवडायचं, आणि निवडल्यावर ते नीट कसं भरायचं

इंजिन ऑइल कोणतं घातलं, कधी बदललं, त्यावर किती किलोमीटर झाले, हे बऱ्याच गाडीमालकांना तोंडपाठ असतं. ब्रेक ऑइलचं विचारलं की उत्तर येतं, “ते सर्व्हिसिंगला बघतात.” तिथे बघतात म्हणजे बहुतेक वेळा बॉनेट उघडून पातळी बघतात आणि कमी दिसलं तर वरून थोडं ओततात. त्यात कोणतं ओतलं, आधी कोणतं होतं आणि ते किती जुनं होतं, याची नोंद कुठेच नसते. गाडी थांबवण्याचं काम ज्या द्रवावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत एवढी बेफिकिरी मला अजिबात पटत नाही. निवड अवघडही नाही. चार-पाच गोष्टी समजून घेतल्या की कोणालाही करता येते.

आधी हे द्रव करतं काय

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि नळ्यांमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. द्रव आकसत नाही, त्यामुळे तो दाब जसाच्या तसा चाकांजवळच्या कॅलिपरपर्यंत किंवा ड्रममधल्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो. पॅड डिस्कवर दाबले जातात, घर्षण होतं, गाडी थांबते. घर्षणाची ही सगळी उष्णता हवेत जात नाही. काही पॅडमधून, पिस्टनमधून थेट ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र आकसते. मग पेडल दाबल्यावर तो दाब बुडबुडे दाबण्यातच संपतो, पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाहीत. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. लांब उतार उतरून गाडी पाच मिनिटं उभी केली आणि पुन्हा निघताना पेडल पोकळ लागलं, असं यातूनच होतं. चालत्या गाडीत ब्रेकना वारा लागत असतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरतच राहते. शिवाय पेडल सोडलेलं असल्यामुळे ऑइलवर दाब नसतो, म्हणून ते कमी तापमानालाही उकळतं.

आता पाण्याची बाजू. रोजच्या वापराच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांमध्ये ग्लायकॉल इथर प्रकारचं ब्रेक ऑइल असतं. त्याला ऑइल म्हणत असले तरी त्यात खनिज तेल नसतं. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठासारखं हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. रबरी होजच्या भिंतीतून, सीलमधून आणि ऑइलच्या डबीच्या झाकणाच्या हवेच्या छिद्रातून ओलावा हळूहळू आत जातो. गाडी चालो वा उभी राहो, हे सुरूच असतं. जितकं पाणी जास्त, तितका उत्कलनबिंदू खाली. त्यामुळे ऑइल निवडताना त्याचा दर्जा आणि त्याचं वय या दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात, आणि माझ्या मते वयाकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

पायरी १: डबीचं झाकण आणि मॅन्युअल वाचा

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीजवळ) अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची ब्रेक ऑइलची एक छोटी डबी दिसेल. तिच्या झाकणावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ किंवा ‘डॉट ४ एलव्ही’ असा ऑइलचा दर्जा कोरलेला किंवा छापलेला असतो. झाकण उघडण्याआधी पुसा आणि सीलबंद डब्यातलंच ऑइल वापरा, अशी सूचनाही बहुधा तिथेच असते. अक्षरं धुळीने बुजली असतील तर ओल्या फडक्याने पुसा, पण झाकण अजून उघडू नका.

मग मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइलचं पान काढून पडताळून पाहा. तिथे कधी कधी झाकणापेक्षा जास्त माहिती मिळते: आयएसओ ४९२५ या आंतरराष्ट्रीय मानकातला वर्ग, कंपनीचा स्वतःचा स्पेसिफिकेशन क्रमांक, बदलण्याची मुदत. क्लच हायड्रॉलिक असेल तर तो याच डबीतून ऑइल घेतो का, हेही बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये घेतो. म्हणजे इथे झालेली चूक क्लचलाही भोवते.

निवडीचं निम्मं काम इथेच संपतं. गाडी बनवणाऱ्याने जे लिहिलं आहे त्याच्या खालच्या दर्जाचं ऑइल कधीही घालायचं नाही. वरच्या दर्जाचं घालायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

पायरी २: आकडे समजून घ्या

डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. तिथल्या एफएमव्हीएसएस ११६ या मानकात प्रत्येक दर्जासाठी दोन किमान उत्कलनबिंदू दिले आहेत. एक अगदी ताज्या, कोरड्या ऑइलचा आणि दुसरा पाणी शोषलेल्या ऑइलचा. इथे ‘ओलं’ म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी असलेलं.

- डॉट ३: कोरडं २०५ अंश सेल्सिअस, ओलं १४०
- डॉट ४: कोरडं २३०, ओलं १५५
- डॉट ५.१: कोरडं २६०, ओलं १८०

हे किमान आकडे आहेत. बाजारातलं चांगलं डॉट ४ कोरड्या आकड्यात यापेक्षा बरंच वर असू शकतं, म्हणून बाटलीवरचे प्रत्यक्ष आकडे वाचावेत. बाटलीवर कोरड्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण रोजच्या गाडीसाठी ओल्याचा आकडा बघायचा असतो. दर शर्यतीनंतर ऑइल बदलणाऱ्याला कोरडा आकडा उपयोगी पडतो. तुमच्या गाडीत मात्र तेच ऑइल दोन वर्षं ओलावा पीत बसणार आहे. दोन बाटल्यांत गोंधळ झाला तर ज्याचा ओला आकडा जास्त ती घ्या, अर्थात दर्जा गाडीला चालणारा असेल तरच.

आता या आकड्यांची तुलना करून पाहा. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं. पाणी शोषलेल्या डॉट ५.१ ची हमी फक्त १८० ची आहे. म्हणजे महागडं, वरच्या दर्जाचं ऑइल घालून ते चार-पाच वर्षं विसरून जाणाऱ्यापेक्षा साधं डॉट ३ वेळेवर बदलणाऱ्याचे ब्रेक जास्त भरवशाचे असू शकतात.

पायरी ३: डॉट ५ आणि डॉट ५.१ मध्ये गल्लत करू नका

चारनंतर पाच येतं, तेव्हा डॉट ५ म्हणजे डॉट ४ ची सुधारित आवृत्ती असणार, असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलचे भाऊबंद, डॉट ५ वेगळ्या घराण्यातलं. ते ओळखू यावं म्हणून त्याला जांभळा रंग देतात. बाकीची ऑइलं रंगहीन ते फिकट पिवळी असतात.

सिलिकॉन पाणी शोषत नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण आत शिरलेलं पाणी मग विरघळत नाही, थेंबांच्या रूपात खाली कॅलिपरमध्ये साचतं. तिथे ते गंज धरवतं आणि १०० अंशांच्या आसपास उकळतं. सिलिकॉनमध्ये हवेचे बारीक बुडबुडेही अडकून राहतात. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप ते आणखी घुसळतो आणि पेडल मऊ पडतं. वर्षानुवर्षं उभी राहणारी जुनी वाहनं किंवा काही लष्करी वाहनं यांच्यासाठी त्याचा उपयोग आहे. तुमच्या गाडीत नाही, आणि ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळून तर कधीच नाही.

पायरी ४: पातळपणाही बघा

हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. एबीएस आणि ईएसपीचे (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) व्हॉल्व्ह सेकंदाला अनेक वेळा उघडतात आणि मिटतात, आणि त्यांच्यातल्या वाटा अगदी बारीक असतात. ऑइल घट्ट असेल तर ते तितक्या चपळाईने वाहत नाही. उणे ४० अंशांना ऑइल जास्तीत जास्त किती घट्ट असावं, याचीही मानकात मर्यादा आहे. चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या एककात डॉट ३ ला १५००, डॉट ४ ला १८०० आणि डॉट ५.१ ला ९००. म्हणजे डॉट ४ जास्त उष्णता सोसतं, पण थंडीत डॉट ३ पेक्षा घट्ट असायला त्याला मुभा आहे.

म्हणूनच नव्या गाड्यांसाठी डॉट ४ एलव्ही हा प्रकार आला. एलव्ही म्हणजे कमी घट्टपणाचं. आयएसओ ४९२५ मध्ये हा ‘वर्ग ६’: घट्टपणाची मर्यादा ७५०, कोरडा उत्कलनबिंदू किमान २५० आणि ओला १६५. तुमच्या मॅन्युअलमध्ये एलव्ही किंवा वर्ग ६ लिहिलं असेल तर साधं डॉट ४ ही त्याची बदली नाही, दोन्हींच्या नावात ‘डॉट ४’ असलं तरी. हवामान उबदार असेल तर फरक कमी जाणवेल हे खरं, पण ईएसपी ज्या ऑइलवर जुळवलेलं आहे तेच त्याला द्यावं.

पायरी ५: तुमचा वापर कसा आहे

मॅन्युअलने डॉट ३ सांगितलं आहे आणि गाडी शहरात हळूहळू फिरते, तर डॉट ३ पुरेसं आहे. त्याच गाडीत पूर्ण भार घेऊन वारंवार घाट उतरत असाल, ट्रेलर ओढत असाल किंवा हवा कायम दमट असेल, तर डॉट ४ वर जाणं शहाणपणाचं. एकाच रसायन-कुळातली असल्यामुळे ही दोन एकमेकांत मिसळतात. पण जुन्या डॉट ३ वर डॉट ४ चा टॉप-अप मारून डॉट ४ चे गुण मिळत नाहीत. सुधारणा हवी तर सगळं जुनं काढून नवं भरा.

डॉट ५.१ उष्णतेला चांगलं आणि पातळही आहे, त्यामुळे ते सगळ्यांनीच घालावं असं वाटू शकतं. मॅन्युअल त्याला परवानगी देत असेल तर जरूर घाला. परवानगी नसेल आणि वापर साधा असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा डॉट ४ दर दोन वर्षांनी न चुकता बदललेलं बरं. शर्यतीसाठीची म्हणून विकली जाणारी ऑइलं रोजच्या गाडीत घालू नका. त्यांचा कोरडा आकडा भारी असतो, पण ती वारंवार बदलण्याच्या हिशेबानेच बनवलेली असतात.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा एक समज असतो की मोटरच गाडीचा वेग कमी करते, ब्रेक कमी लागतात, म्हणजे ऑइलही जास्त टिकेल. पॅड खरंच जास्त टिकतात. ओलावा मात्र आपल्या गतीने शिरतच राहतो, त्यामुळे मुदत पाळावीच लागते.

पायरी ६: बाटली विकत घेताना

झाकणाखालचं सील अखंड हवं. बाटलीवर उत्पादनाची तारीख हवी, आणि ती जितकी अलीकडची तितकं चांगलं, कारण प्लॅस्टिकच्या बाटलीतूनही काही वर्षांत थोडा ओलावा झिरपतो. पत्र्याचा डबा मिळत असेल तर उत्तम. लागेल तेवढंच घ्या. पूर्ण बदलायला बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांना एक लिटर पुरतं.

उघडून ठेवलेली बाटली, मग ती गॅरेजमधली असो की तुमच्या माळ्यावरची, वापरू नका. महिनोन्‌महिने अर्धी पडून असलेल्या बाटलीत किती पाणी आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. मेकॅनिककडून काम करून घेत असाल तर नवी बाटली समोर उघडायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. “दादा, माझ्यासमोर सील काढा,” एवढं म्हटलं की पुरे.

पायरी ७: बदलायचं की नुसतं भरायचं

बहुतेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, काही तीन वर्षांची. गाडी कमी चालली म्हणून ती वाढत नाही. काळपट ऑइल जुनं असतं हे खरं, पण स्वच्छ दिसणारं ऑइल चांगलंच असेल असं नाही, कारण पाण्याला रंग नसतो. पेनच्या आकाराचे ओलावा मोजणारे टेस्टर ढोबळ अंदाज देतात. प्रत्यक्ष उकळून पाहणारा टेस्टर जास्त खात्रीचा, आणि तो चांगल्या गॅरेजमध्ये असतो. शंका असेल तर बदला.

पातळी खाली गेली की लगेच भरायचं, ही सवय मोडायला हवी. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, मागची जागा ऑइलने भरते आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. हे स्वाभाविक आहे. अशा वेळी काठोकाठ भरून ठेवलं आणि नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, तर ऑइल डबीतून उतू जाऊन खालच्या रंगावर सांडतं. म्हणून आधी पॅड तपासा. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी खाली गेली आहे, किंवा ती चार दिवसांत उतरली आहे, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

चुकून दुसरं तेल पडलं तर

डबीत पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं तेल पडणं ही ब्रेकच्या बाबतीतली सगळ्यात महागडी चूक. ब्रेकमधलं रबर ग्लायकॉल सोसेल असं बनवलेलं असतं. खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. सील अडकतात, ब्रेक धरून बसतात किंवा सुटतात. शंका आली तर पारदर्शक ग्लासात थोडं पाणी घ्या आणि डबीतलं थोडं ऑइल त्यात टाकून ढवळा. ग्लायकॉलचं ऑइल पाण्यात विरघळून जातं. खनिज तेल असेल तर थर वर तरंगताना दिसतो. तसं दिसलं तर पेडल दाबू नका, इंजिन सुरू करू नका, गाडी उचलून न्या. तेल आत पसरलं असेल तर सगळे सील, होज आणि कधी एबीएस युनिटसुद्धा बदलावं लागतं.

पायरी ८: ऑइल बदलणं

ब्रेकच्या कामाचा अजिबात अनुभव नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. काही हायब्रिड-इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ब्रेकचा दाब इलेक्ट्रिक पंप तयार करतो आणि तो आपोआप सुरू होऊ शकतो. तिथे घरी हात घालूच नका.

साध्या गाडीसाठी लागणारं सामान: ब्लीडर निपलला (चाकाजवळच्या, ऑइल बाहेर काढायच्या पोकळ स्क्रूला) घट्ट बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, मोठी सिरिंज, हातमोजे, चष्मा, जॅक आणि जॅक स्टँड. आणि पेडलवर बसायला एक माणूस.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही. सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून काढा, पण डबी पूर्ण कोरडी करू नका. नवं ऑइल भरा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो. सर्वसाधारण रीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्याकडे येण्याची आहे, पण ब्रेकच्या नळ्या तिरप्या जोडलेल्या गाड्यांमध्ये क्रम वेगळा असू शकतो.

पहिल्या चाकाच्या ब्लीडर निपलवर पाना बसवा, त्यावर नळी चढवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. मग पेडलवरच्या माणसाशी शब्द ठरवून घ्या. “दाब” म्हटलं की त्याने पेडल सावकाश दाबून धरायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सैल करायचं. जुनं ऑइल नळीतून येईल आणि पेडल खाली जाईल. तुम्ही निपल आवळायचं, आणि मगच म्हणायचं, “सोड.” हा क्रम उलटला, निपल उघडं असताना पेडल सुटलं, की हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी जातच नाही, तिथे गंज धरलेला असतो आणि त्याने सील फाटू शकतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. पातळी कधीही किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. डबी रिकामी होऊन एबीएसमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल येऊ लागलं की निपल आवळा. निपल बारीक असतं, जोर लावला तर तुटतं. त्यावर रबरी टोपी घाला आणि पुढच्या चाकाकडे जा.

चारही चाकं झाली की पातळी कमाल खुणेपर्यंत आणा आणि झाकण लावा. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, ते टणक लागायला हवं. दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमुळे पेडल किंचित खाली जाईल आणि तिथेच थांबेल. एक मिनिट दाबून धरूनही ते खाली खाली जात राहिलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष आहे. मऊ, स्पंजासारखं लागलं तर हवा राहिली आहे, पुन्हा काढा. सगळे निपल कोरडे आहेत ना ते बघा आणि मगच मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक मारून पाहा.

सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. पडल्या पडल्या फडक्याने घासू नका, भरपूर पाणी ओता. डोळ्यात गेलं तर पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे जा. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत टाकू नका, वापरलेल्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. वेगळ्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, टाकाऊ ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्या. त्याच बैठकीत बॉनेटखाली एक स्टिकर चिकटवून त्यावर तीन गोष्टी लिहा: ऑइलचा दर्जा, भरल्याची तारीख आणि पुढच्या बदलाचा महिना.